तासाभराचा अधिकार

चाचण्यांनी आपल्या कोडचा किती भाग तपासला, हे प्रोग्रामरांना सांगण्याचं काम कोडकव्ह ही अमेरिकन कंपनी करते. त्यासाठी ती ग्राहकांना एक छोटी स्क्रिप्ट देत असे. ग्राहकांच्या बिल्ड यंत्रणेत ती दर वेळी नव्याने उतरवली जाई आणि लगेच चालवली जाई. १ एप्रिल २०२१ रोजी एका ग्राहकाने तिचा हॅश, म्हणजे फाइलचा अंकीय ठसा, ताडून पाहिला. गिटहबवर जाहीर केलेला हॅश आणि हातातल्या फाइलचा हॅश जुळेना. शोध घेतल्यावर कळलं, की ३१ जानेवारीपासून त्या स्क्रिप्टमध्ये अधूनमधून कुणीतरी एक ओळ घुसवत होतं. बिल्ड यंत्रणेतली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, म्हणजे त्यांत ठेवलेले पासवर्ड, टोकन आणि किल्ल्या, ती ओळ परक्या सर्व्हरकडे धाडत होती. गुपितं सांभाळण्याची साधनं बनवणाऱ्या हॅशिकॉर्पलाही आपल्या सॉफ्टवेअरवर सही करायची खासगी किल्ली बदलावी लागली.

हल्लेखोर शिरला कुठून? कोडकव्हने सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या एका डॉकर इमेजच्या मधल्या थरात गूगल क्लाउड स्टोरेजची एक किल्ली राहून गेली होती. वरच्या थरात ती दिसत नव्हती, पण मधला थर उलगडणाऱ्याला ती सापडत होती. ही किल्ली कुणा माणसाची नव्हती, सर्व्हिस अकाउंटची होती. तिला मुदत नव्हती. ती ज्याच्या हाती पडेल, त्याला त्या खात्याचे सगळे अधिकार मिळत होते, आणि तिच्या बळावर स्टोरेजमधली फाइल बदलता येत होती. दोन महिने तेच होत राहिलं.

अशी किल्ली मुळात अस्तित्वातच नसावी, तिच्या जागी क्लाउडच्या एपीआयकडून दर वेळी मागून घेतलेलं, तासाभरात संपणारं अ‍ॅक्सेस टोकन असावं, हा पुढच्या प्रकरणांचा विषय आहे. आदेश म्हणून पाहिला तर तो चार-पाच ओळींचा. कुठल्याही क्लाउडच्या मदतपानावरून तो उचलता येतो, चालवला की टोकन हाती येतं आणि काम पुढे सरकतं. म्हणूनच त्याकडे फारसं कुणी थांबून पाहत नाही. या प्रस्तावनेला थांबायचं आहे ते नेमकं तिथे, कारण त्या चार ओळींत टोकनापेक्षा मोठी गोष्ट घडते. कुणीतरी अधिकार मागतं, त्या मागणीवर निर्णय होतो आणि निर्णयाची नोंद राहू शकते. टोकन हे त्या निर्णयाचं फळ. सुरक्षितता मिळते ती मागण्याच्या त्या टप्प्यातून.

आधी सर्व्हिस अकाउंट म्हणजे काय ते पाहू. माणसाच्या खात्यामागे माणूस असतो. त्याच्याकडे मोबाइल असतो, त्यावर ओटीपी येतो, संशय आला तर बँक त्याला फोन करून विचारते. रात्री दोन वाजता डेटाबेसची प्रत काढून स्टोरेजमध्ये ठेवणारा प्रोग्राम, ग्राहकाने बिल भरताच पावती पाठवणारी सेवा, कोड बदलला की नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवणारी बिल्ड यंत्रणा, यांच्यामागे त्या क्षणी कुणीच बसलेलं नसतं. त्यांना ओटीपी विचारता येत नाही. तरी त्यांना स्वतःची ओळख हवी असते आणि अधिकारही हवे असतात. ती ओळख म्हणजे सर्व्हिस अकाउंट. गूगल क्लाउडमध्ये त्याला ईमेलसारखा पत्ता मिळतो, पण त्या पत्त्यावर पत्र वाचणारं कुणी नसतं. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये हेच काम प्रामुख्याने 'रोल' करतो. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युरमध्ये 'सर्व्हिस प्रिन्सिपल' आणि 'मॅनेज्ड आयडेंटिटी' करतात. नावं वेगळी, गरज एकच.

या गरजेचं सर्वांत सोपं आणि सर्वांत घातक उत्तर म्हणजे किल्लीची फाइल. गूगल क्लाउडमध्ये एका सर्व्हिस अकाउंटला अशा दहापर्यंत किल्ल्या काढता येतात. किल्ली म्हणजे जेसन फाइल आणि तिच्यात २०४८ बिटांची आरएसए खासगी किल्ली. वेगळं धोरण लावलं नसेल तर ती आपोआप कधीच संपत नाही. तिच्या तपशिलात संपण्याचं वर्ष ९९९९ असं लिहिलेलं असतं. ही फाइल एकदा डाउनलोड झाली की क्लाउडच्या हातातून सुटते. ती लॅपटॉपच्या डाउनलोड फोल्डरमध्ये पडून राहते, सहकाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर जाते, बिल्ड यंत्रणेच्या सेटिंगमध्ये चिकटवली जाते आणि एके दिवशी कोडसोबत गिटहबवर चढते. पुण्यात हिंजवडीला किंवा मगरपट्ट्यात काम करणाऱ्या कुठल्याही अनुभवी इंजिनिअरने हा प्रवास एकदा तरी जवळून पाहिलेला असतो. गिटगार्डियन या कंपनीच्या मोजणीनुसार २०२४ या एका वर्षात गिटहबच्या सार्वजनिक रिपॉझिटरींमध्ये २ कोटी ३८ लाख नवी गुपितं उघडी पडली. त्याहून बोलका आकडा दुसरा आहे. २०२२ मध्ये उघड्या पडलेल्या गुपितांपैकी ७० टक्के नंतरही चालू स्थितीत होती. गळती झाली हे कळूनही किल्ली बदलली जात नाही, कारण ती बदलली तर नेमकं काय बंद पडेल, हे कुणालाच ठाऊक नसतं.

टोयोटाचं उदाहरण पाहा. टी-कनेक्ट या सेवेच्या संकेतस्थळाचा काही कोड एका कंत्राटदाराकडून डिसेंबर २०१७ मध्ये गिटहबवर सार्वजनिक झाला. त्यात डेटा सर्व्हरची किल्ली होती. हे लक्षात आलं सप्टेंबर २०२२ मध्ये. जवळपास पाच वर्षं २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते कुणालाही वाचता येण्याच्या स्थितीत होते. कुणी ते वाचले की नाही, याचा निश्चित निवाडा कंपनीलाही करता आला नाही.

कायमचं गुपित सगळीकडे वाटण्याऐवजी थोड्या वेळाचा परवाना द्यावा, ही कल्पना क्लाउडहून जुनी आहे. १९७८ मध्ये रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी, संगणकांच्या जाळ्यात एका विश्वासू सर्व्हरच्या मदतीने दोन पक्षांनी एकमेकांची ओळख कशी पटवावी, यावर निबंध लिहिला. त्याच वाटेने पुढे जात एमआयटीने कर्बेरॉस ही यंत्रणा बांधली. १९८३ मध्ये डिजिटल इक्विपमेंट आणि आयबीएम यांच्या मदतीने तिथे अथेना प्रकल्प सुरू झाला होता. शेकडो वर्कस्टेशन आणि त्यांवर कुणीही येऊन बसणारे विद्यार्थी असं तिथलं चित्र होतं. प्रत्येक सेवेला पासवर्ड देत बसणं शक्य नव्हतं आणि तारेवरून पासवर्ड जाऊ देणं धोक्याचं होतं. कर्बेरॉसने उत्तर दिलं ते तिकिटाचं: केंद्रीय सर्व्हरकडे ओळख पटवा, ठराविक सेवेसाठी ठराविक वेळेचं तिकीट घ्या, वेळ संपली की पुन्हा मागा. आजच्या अ‍ॅक्सेस टोकनात नवं असं फार थोडं आहे. अथेनामध्ये तिकीट मागणारा विद्यार्थी होता, आता मागणारा प्रोग्राम आहे.

वेबच्या जगात या कल्पनेला सर्वमान्य रूप मिळालं ऑक्टोबर २०१२ मध्ये. ओऑथ २.० चं मानक, आरएफसी ६७४९ या क्रमांकाचा दस्तऐवज, त्या महिन्यात निघालं आणि त्याच्या जोडीला बेअरर टोकनांचं आरएफसी ६७५०. बेअरर टोकन धारण करणाऱ्याला आणखी काही सिद्ध करावं लागत नाही, ते दाखवलं की पुरे. म्हणजे चोरीचा धोका इथेही आहेच, आणि म्हणून त्याचं आयुष्य लहान ठेवणं हा त्या रचनेचाच भाग आहे. मे २०१५ मध्ये जेसन वेब टोकनाचं आरएफसी ७५१९ आलं. त्याच महिन्यात, अशा सही केलेल्या जेसन टोकनाच्या बदल्यात अ‍ॅक्सेस टोकन कसं मागावं, हे सांगणारं आरएफसी ७५२३ आलं. यंत्राने यंत्राकडे अधिकार मागण्याचं व्याकरण इथे पक्कं झालं.

गूगल क्लाउडमध्ये किल्लीच्या वाटेने टोकन घेताना याच व्याकरणाचा वापर होतो. प्रोग्राम एक छोटा जेसन मजकूर तयार करतो: मागणारा कोण, कशासाठी, कुणाकडे, मागणी कधी केली, ती कधी संपेल. ही मुदत तासाभराच्या पुढे जाऊ शकत नाही. मग खासगी किल्लीने त्यावर सही करतो आणि टोकन देणाऱ्या सर्व्हरकडे पाठवतो. सर्व्हर सही पडताळतो आणि अ‍ॅक्सेस टोकन परत देतो. या पद्धतीत एक अडचण हमखास भेटते आणि ती क्रिप्टोग्राफीतली नसते. यंत्राचं घड्याळ मागे-पुढे असतं. सही बरोबर, मजकूर बरोबर, तरी सर्व्हर मागणी फेटाळतो, कारण त्याच्या दृष्टीने ती अजून झालेलीच नाही किंवा केव्हाच शिळी झाली आहे. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सर्व यंत्रणांची घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितली, तेव्हा अनेकांना ती कागदी औपचारिकता वाटली. टोकनांवर चालणाऱ्या जगात बरोबर घड्याळ हा अधिकाराचाच घटक असतो.

या वाटेने मिळालेलं टोकन तासाभराचं असलं, तरी ते मागणारी किल्ली वर्ष ९९९९ पर्यंतची राहते. चोर टोकन कशाला चोरेल? तो किल्लीच नेईल आणि हवी तितकी टोकनं स्वतः काढेल.

दुसरी वाट इम्पर्सोनेशनची. गूगल क्लाउडमध्ये तिच्यासाठी वेगळी एपीआय आहे: सर्व्हिस अकाउंट क्रेडेन्शियल्स एपीआय. तिच्यात 'जनरेट अ‍ॅक्सेस टोकन' नावाची क्रिया आहे. मागणारा स्वतःच्या ओळखीने येतो, मग तो लॉग-इन केलेला इंजिनिअर असो वा दुसरं सर्व्हिस अकाउंट. कुठल्या सर्व्हिस अकाउंटच्या नावाने टोकन हवं ते तो पत्त्यात सांगतो. मागणीच्या मजकुरात मुख्यतः तीन गोष्टी असतात: स्कोप, म्हणजे कुठल्या एपीआयपर्यंत पोहोचायचं, मुदत, सेकंदांत, आणि गरज असेल तर मधल्या प्रतिनिधींची साखळी. मुदत दिली नाही तर ३६०० सेकंद धरली जाते. एक तास ही नेहमीची कमाल मर्यादा आहे. ती बारा तासांपर्यंत वाढवायची असेल तर संस्थेच्या पातळीवर त्या खात्याचं नाव धोरणात मुद्दाम घालावं लागतं. उत्तरात दोनच गोष्टी येतात: टोकन आणि ते संपण्याची वेळ. या सगळ्यात किल्लीची फाइल कुठेच नाही. सही करणारी खासगी किल्ली गूगलकडेच राहते, ती कुणालाही डाउनलोड करता येत नाही आणि गूगल ती स्वतःहून बदलत राहतं.

कुलमुखत्यारपत्राशी याची तुलना करता येईल, फक्त हे मुखत्यारपत्र दर तासाला संपतं आणि दर वेळी नोंदणी कार्यालयात जाऊन नव्याने घ्यावं लागतं. त्या कार्यालयाला दर वेळी नकार देण्याची संधी असते. किल्लीच्या फाइलमध्ये ही संधीच नसते.

ती संधी किती मोलाची, हे मायक्रोसॉफ्टच्या एका प्रकरणातून उत्तम कळतं. कंपनीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता संशोधकांनी गिटहबवर खुला प्रशिक्षण-डेटा ठेवला आणि तो उतरवण्यासाठी अ‍ॅझ्युर स्टोरेजचा दुवा दिला. त्या दुव्यात शेअर्ड अ‍ॅक्सेस सिग्नेचर होती. ती फक्त त्या डेटापुरती नव्हती, संपूर्ण स्टोरेज खात्याची होती. फक्त वाचण्याची नव्हती, लिहिण्या-पुसण्याचीही होती. तिची मुदत पुढे वाढवली गेली ती थेट ऑक्टोबर २०५१ पर्यंत. विझ या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी जून २०२३ मध्ये हे कळवलं, तोवर ३८ टेराबाइट खासगी डेटा उघडा होता. त्यात दोन कर्मचाऱ्यांच्या संगणकांच्या पूर्ण प्रती आणि टीम्सवरचे तीस हजारांहून अधिक अंतर्गत संदेश होते.

बातम्यांत गाजलं ते २०५१ हे साल. खरी मेख वेगळी होती. अशी सिग्नेचर खात्याची किल्ली हाताशी असलेला माणूस आपल्या यंत्रावर स्वतःच तयार करू शकतो. त्यासाठी अ‍ॅझ्युरला काही विचारावं लागत नाही, त्यामुळे ती तयार झाल्याची नोंदही अ‍ॅझ्युरकडे राहत नाही. कुठे किती सिग्नेचर फिरत आहेत, हे प्रशासकाला पाहताच येत नाही. टोकन घरच्या घरी बनवणं आणि एपीआयकडे मागणं, या दोहोंतला फरक इथे उघड होतो. न मागता बनलेल्या अधिकाराची मोजदाद कुठल्याच दप्तरात नसते.

२०२३ च्या त्याच उन्हाळ्यात याची फार मोठी आवृत्ती घडली. चीनशी संबंधित असलेल्या, मायक्रोसॉफ्टने स्टॉर्म-०५५८ असं नाव दिलेल्या गटाच्या हाती कंपनीची २०१६ मध्ये तयार झालेली एक सही करायची किल्ली लागली. ती ग्राहकांच्या साध्या खात्यांसाठी होती. पडताळणीतल्या दोषामुळे तिच्या सहीची टोकनं संस्थांच्या ईमेललाही चालत होती. त्या बळावर त्यांनी टोकनं स्वतः घडवली आणि अमेरिकी सरकारी खात्यांची पत्रं वाचली. घुसखोरी पकडली ती अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने, ईमेल वाचल्याच्या सविस्तर नोंदींवरून. त्या नोंदी तेव्हा महागड्या परवान्यातच मिळत होत्या.

टोकन अल्पमुदतीचं केलं, एपीआयकडून मागितलं, एवढ्याने प्रश्न सुटला असं मात्र मुळीच नाही. कॅपिटल वन या अमेरिकी बँकेत २०१९ मध्ये जे घडलं, त्यात किल्लीची फाइल नव्हती. बँकेचं एक वेब अ‍ॅप्लिकेशन फायरवॉल अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये चालत होतं. त्याच्या मांडणीतल्या चुकीमुळे बाहेरचा माणूस त्याच्याकरवी आतल्या पत्त्यांवर विनंत्या पाठवू शकत होता. क्लाउडमधल्या प्रत्येक यंत्राला १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर एक मेटाडेटा सेवा भेटते. 'या यंत्राला लागणारं तात्पुरतं प्रमाण (क्रेडेन्शियल) दे' असं तिला म्हटलं की ती देते. हल्लेखोराने फायरवॉलच्या तोंडून तेच म्हटलं. प्रमाण तात्पुरतंच मिळालं, पण त्यामागच्या रोलला स्टोरेजमधले असंख्य कोष (बकेट) वाचायची मुभा होती. अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या सुमारे ६० लाख लोकांची माहिती गेली. ऑगस्ट २०२० मध्ये नियामकाने बँकेला ८ कोटी डॉलरचा दंड केला. घटना उघड झाल्यावर काही महिन्यांतच, नोव्हेंबर २०१९ मध्ये, अ‍ॅमेझॉनने मेटाडेटा सेवेची दुसरी आवृत्ती आणली. तीत आधी एक वेगळी विनंती करून सत्र-टोकन घ्यावं लागतं, मगच प्रमाण मिळतं. गूगलची सेवा विनंतीत ठराविक हेडर असल्याशिवाय उत्तर देत नाही. दोन्ही उपायांचा रोख एकाच प्रश्नावर आहे: मागणारा खरोखर तोच आहे का?

हा प्रश्न जे गंभीरपणे घेत नाहीत, त्यांच्यासाठी इम्पर्सोनेशन हा मागचा दरवाजा ठरतो. गूगल क्लाउडमध्ये टोकन मागायचा हक्क 'सर्व्हिस अकाउंट टोकन क्रिएटर' या भूमिकेतून मिळतो. ही भूमिका एका सर्व्हिस अकाउंटवर देता येते किंवा संपूर्ण प्रोजेक्टवर. प्रोजेक्टवर देणं एका क्लिकचं काम आहे, त्रुटीचा संदेश लगेच नाहीसा होतो, म्हणून घाईत तेच केलं जातं. त्याचा परिणाम असा, की त्या माणसाला प्रोजेक्टमधल्या प्रत्येक सर्व्हिस अकाउंटच्या नावाने टोकन काढता येतं. आज असलेल्या आणि उद्या बनणाऱ्याही. त्यांतल्या एखाद्याकडे मालकाचे अधिकार असले, तर तो माणूस मालक झाला. त्याच्या स्वतःच्या नावापुढे मात्र 'टोकन क्रिएटर' इतकीच निरुपद्रवी भासणारी भूमिका दिसत राहते. परवानग्यांचा आढावा घेणारा पुष्कळदा 'ओनर' आणि 'एडिटर' शोधतो आणि ही ओळ ओलांडून जातो. या संपूर्ण विषयातली एकच ओळ वाचकाने अधोरेखित करायची असेल, तर ती ही.

बिल्ड यंत्रणांची गोष्ट अलीकडे पुष्कळ सुधारली आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये गिटहबने जाहीर केलं, की त्यांच्या अ‍ॅक्शन्स या बिल्ड सेवेतलं प्रत्येक काम स्वतःबद्दलचं सही केलेलं ओळखपत्र मिळवू शकेल: कुठली रिपॉझिटरी, कुठली शाखा, कुठलं काम. क्लाउड ते ओळखपत्र पडताळतो आणि त्याच्या बदल्यात आपलं अल्पमुदतीचं टोकन देतो. या अदलाबदलीचं मानक जानेवारी २०२० च्या आरएफसी ८६९३ मध्ये आहे. गूगलमध्ये याला वर्कलोड आयडेंटिटी फेडरेशन म्हणतात. गिटहबच्या सेटिंगमध्ये कुठलीही किल्ली चिकटवावी लागत नाही. कोडकव्हसारख्या हल्ल्यात एन्व्हायर्नमेंट चोरलं गेलं तरी हाती काही लागलंच तर ते थोड्या वेळात मरणारं टोकन असतं. पण इथेही मागणाऱ्याची अट नीट लिहावी लागते. 'गिटहबचं ओळखपत्र चालेल' एवढीच अट घातली आणि रिपॉझिटरीचं नाव तपासलं नाही, तर जगातला कुणीही आपल्या रिपॉझिटरीतून येऊन टोकन मागू शकतो. गिटहब सगळ्यांनाच ओळखपत्र देतो.

कंटेनर चालवणाऱ्या कुबर्नेटीस या यंत्रणेनेही हाच रस्ता धरला. पूर्वी प्रत्येक सर्व्हिस अकाउंटसाठी न संपणारं टोकन आपोआप तयार होऊन क्लस्टरमध्ये पडून राहत असे. मे २०२२ मधल्या १.२४ आवृत्तीपासून ते थांबलं, आणि टोकन मागण्यासाठीची एपीआय हीच मुख्य वाट झाली. गूगल क्लाउडमध्ये ३ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर तयार झालेल्या संस्थांना किल्ली काढण्यावर सुरुवातीपासूनच बंदी असते. किल्ली हवीच असेल तर ती बंदी मुद्दाम उठवावी लागते.

जुन्या संस्थांमध्ये मात्र सवयी आणि खाती दोन्ही जुनी आहेत. क्लाउडफ्लेअरचा अनुभव यासाठी वाचण्यासारखा आहे, कारण कंपनीने तो कसलाही आडपडदा न ठेवता प्रसिद्ध केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओक्टा या ओळख-सेवेच्या मदत-यंत्रणेत घुसखोरी झाली. त्यातून क्लाउडफ्लेअरची गुपितं फुटली. कंपनीने हजारो गुपितं बदलली, पण एक सर्व्हिस टोकन आणि तीन सर्व्हिस अकाउंटची प्रमाणं बदलायची राहिली. ती वापरात नाहीत असा समज होता. नोव्हेंबरमध्ये हल्लेखोर त्याच चारांच्या आधारे आत आला आणि अ‍ॅटलासियनच्या सर्व्हरपर्यंत पोहोचला. सुरक्षा हाच जिचा व्यवसाय, त्या कंपनीच्या यादीतून चार नोंदी निसटू शकतात. ज्या संस्थेकडे यादीच नाही, तिथे काय स्थिती असेल याची कल्पना करणं कठीण नाही.

यादी, नोंदी, दप्तर हा भाग रूक्ष वाटतो, पण भारतातल्या वाचकाला तो टाळता येणार नाही. सर्ट-इनच्या २०२२ च्या त्याच निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत ती कळवावी लागते आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. आता गूगल क्लाउडची नेहमीची मांडणी पाहा. कुणी कुणाच्या नावाने टोकन मागितलं, याची नोंद डेटा अ‍ॅक्सेस प्रकारच्या ऑडिट नोंदींत येते. या नोंदी सुरुवातीला बंद असतात, त्या चालू कराव्या लागतात. चालू केल्या तरी नेहमीच्या कोषात त्या ३० दिवसच राहतात. म्हणजे मुंबईतली एखादी वित्तसंस्था सगळं योग्य रीतीने मागते, किल्ल्या वापरत नाही, पण हे दोन बदल करायला विसरते. मग घुसखोरी कळल्यानंतरच्या सहा तासांत, टोकन कुणी मागितलं याबद्दल तिच्याकडे सांगण्यासारखं फारसं काही नसतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने वाजवी सुरक्षा न राखल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. नोंदी न ठेवण्याची किंमत यापुढे रुपयांत मोजली जाऊ शकते.

नोंदी चालू असल्या की मात्र त्या बोलतात. टोकन वापरून केलेल्या कृतीच्या नोंदीत सर्व्हिस अकाउंटचं नाव येतं आणि त्याबरोबर ते टोकन मुळात कुणी मागितलं होतं, त्याचंही. किल्लीच्या फाइलने केलेल्या कामाच्या नोंदीत फार तर किल्लीचा क्रमांक सापडतो. ती कुणाच्या लॅपटॉपवर होती, ते नाही. पाच जणांकडे एकच फाइल असेल तर पाचही जण त्या नोंदीत एकच असतात. चुकून डेटाबेसमधलं टेबल पुसलं गेलं की मग सकाळच्या बैठकीत एकमेकांकडे पाहणं सुरू होतं. इम्पर्सोनेशनने निदान तो संशय संपतो, आणि चूक न करणाऱ्यांसाठी हे मोठंच संरक्षण आहे.

एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. गूगल क्लाउडमध्ये सर्व्हिस अकाउंटचं एकदा दिलेलं अ‍ॅक्सेस टोकन एकट्याने रद्द करता येत नाही. ते चोरीला गेलं तर संपूर्ण सर्व्हिस अकाउंट निष्क्रिय करावं लागतं, किंवा त्याच्या भूमिका काढून घ्याव्या लागतात. त्याच्यावर चालणारी सगळी कामं त्यात थांबतात. अ‍ॅमेझॉनमध्ये ठराविक वेळेपूर्वी दिलेली सगळी सत्रं नाकारणारं धोरण रोलला लावता येतं. ते थोडं सोयीचं आहे, पण तिथेही एकेक टोकन वेचून काढता येत नाही. म्हणून दहा मिनिटांच्या कामासाठी तासाचं टोकन मागू नये, सहाशे सेकंदांचं मागावं. बारा तासांची सवलत खरोखर लांबणाऱ्या कामांनाच द्यावी, आणि तीही त्या कामापुरत्या वेगळ्या सर्व्हिस अकाउंटला. एकाच खात्यावर दहा सेवा चालवणाऱ्याला आणीबाणीत ते बंद करायचं धैर्य होत नाही.

पुढची प्रकरणं गूगल क्लाउड समोर ठेवून लिहिली आहेत, कारण तिथे टोकन मागण्याची एपीआय सुटी आणि स्वच्छ दिसते. अ‍ॅमेझॉनच्या सिक्युरिटी टोकन सर्व्हिसमधली 'अझ्यूम रोल' ही क्रिया ज्यांच्या रोजच्या वापरात आहे, त्यांना बहुतेक गोष्टी ओळखीच्या वाटतील. तिथलं प्रमाण पंधरा मिनिटांपासून बारा तासांपर्यंतचं असतं, आणि एका रोलवरून दुसऱ्या रोलवर जाताना ते तासापुरतंच मिळतं. उदाहरणं चालवून पाहताना कामाच्या प्रोजेक्टला हात लावू नये. वेगळा चाचणी प्रोजेक्ट उघडावा, त्यात दोन सर्व्हिस अकाउंट तयार करावीत आणि स्टोरेजचा एक रिकामा कोष ठेवावा. एकाला कोष वाचायची भूमिका द्यावी, दुसऱ्याला काहीही देऊ नये. स्वतःच्या खात्याला टोकन क्रिएटर ही भूमिका फक्त पहिल्यावर द्यावी, प्रोजेक्टवर नव्हे. प्रोजेक्टचा मालकही या भूमिकेशिवाय टोकन मागायला गेला तर नकार मिळतो, हा धडा भूमिका देण्याआधी केलेल्या पहिल्याच प्रयत्नात मिळेल. भूमिका दिल्यावर ती लागू व्हायला साधारण दोन मिनिटं लागतात, कधी सात किंवा त्याहून अधिक. तेवढ्यात पुन्हा नकार आला म्हणून घाबरून अधिकार वाढवत जाऊ नये. डेटा अ‍ॅक्सेस नोंदी आधीच चालू करून ठेवाव्यात, म्हणजे पहिल्या नकारापासून पहिल्या टोकनापर्यंतचा सगळा क्रम तिथे उतरेल. पहिल्या प्रकरणाची सुरुवात त्या नकाराच्या नोंदीतली एकेक ओळ वाचण्यापासून होते.